मुगाच्या कढणाविषयी तळटीप

१. कढण : मूळ मजकुरात केवळ नामोल्लेखाने आलेले हे पथ्यान्न आयुर्वेदातील मुद्गयूषाचेच घरगुती रूप होय. मौजे हिवरा आश्रम, तालुका मेहकर, येथील विवेकानंद जयंतीचा पुरी व वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद सर्वश्रुत आहे. परंतु खरिपात मूग पिकविणाऱ्या याच मुलखात, ज्याचा अग्नी मंदावला त्याच्यापुढे कढणाची वाटीच ठेवावी, हा रिवाजही घरोघरी मुरलेला आहे. निवडून भिजविलेले मूग सुमारे चौदा पट पाण्यात, उतू जाऊ न देता, मंद आचेवर शिजवावेत. दाणे फुटून साले सुटू लागली म्हणजे रवीने घोटून पंच्यातून गाळावे, आणि खाली उतरणाऱ्या पातळ, हिरवट-पिवळ्या रसात सैंधव, जिरेपूड व चिमूटभर सुंठ घालावी. तुपाची फोडणी मात्र भूक परतल्यावरच द्यावी. घाई करणाऱ्या प्रेमळ हातांना हे निक्षून सांगणे अवश्य आहे. चरकसंहितेत शोधनानंतर (वमन-विरेचनादी शुद्धीनंतर) पेया (पातळ पेज), विलेपी (दाट पेज), अकृत यूष, कृत यूष, मग मांसरस असा जो चढता क्रम दिला आहे, त्यातील अकृत म्हणजे स्नेह-लवणाविना व कृत म्हणजे त्यांनी संस्कारलेले. दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग (कँटन) प्रांतातही कमळबीज, मखाणे व एक पिठूळ कंद तासन्‌तास मंद उकळून, बहुधा मांसासह, असेच पाचक सूप करतात.