मुसोलिनीची अंतर्गत धोरणे : कर्तृत्व किती, देखावा किती?

‘मुसोलिनीच्या राज्यात रेल्वेगाड्या वेळेवर धावत,’ हे वाक्य हुकूमशाहीच्या समर्थनार्थ आजही ऐकू येते. पहिल्या महायुद्धात खिळखिळ्या झालेल्या इटालियन रेल्वेची दुरुस्ती वस्तुतः त्याच्या आधीच सुरू झाली होती. श्रेय मात्र त्याला मिळाले. फॅसिस्ट राजवटीच्या बहुतेक दाव्यांची परीक्षा अशीच सावधपणे करावी लागते.

बेनितो मुसोलिनी ऑक्टोबर १९२२ मध्ये राजाच्या नियुक्तीने पंतप्रधान झाला. हुकूमशहा झाला तो नंतर. १९२४ च्या निवडणुकीतील दहशतीवर संसदेत बोट ठेवणारे समाजवादी नेते ज्याकोमो मात्तेओत्ती यांची त्याच वर्षी जूनमध्ये हत्या झाली. १९२६ च्या अखेरीस अन्य पक्षांवर बंदी आली, विशेष न्यायाधिकरण स्थापन झाले आणि विरोधकांची रवानगी दूरच्या बेटांवर होऊ लागली. सरकारी आकडे तपासून पाहणारे स्वतंत्र वृत्तपत्र देशात उरले नाही, ही बाब पुढील सर्व विवेचनात ध्यानी ठेवावयास हवी.

आर्थिक धोरणाला लढाईचे रूप देणे ही या राजवटीची खास लकब. १९२५ मध्ये ‘गव्हाची लढाई’ जाहीर झाली. आयातीवर जबर जकात बसली, सुधारित बियाणे व खते पुरविली गेली, उघड्या अंगाने मळणी करणाऱ्या मुसोलिनीची छायाचित्रे सर्वत्र झळकली. गव्हाचे उत्पादन सुमारे पाच कोटी क्विंटलांवरून १९३३ मध्ये आठ कोटी क्विंटलांपर्यंत गेले, हे खरे आहे. पण दक्षिणेत जी जमीन ऑलिव्ह, द्राक्षे, संत्री-लिंबे आणि चराऊ कुरणांना योग्य होती तीही गव्हाखाली आली. निर्यातीची पिके मागे पडली, पशुधन घटले आणि संरक्षक जकातीमुळे गरिबाची भाकरी महाग राहिली. फायदा झाला तो मुख्यतः बड्या जमीनदारांचा.

चलनाच्या बाबतीत प्रतिष्ठेचाच प्रश्न केला गेला. एका पौंडाला सुमारे दीडशे लिरा पडत असताना तो भाव ९० वर आणण्याची घोषणा १९२६ मध्ये झाली व पुढील वर्षी ती अमलातही आली. निर्यातदारांचे कंबरडे मोडले. ती झळ मजुरीत सक्तीची कपात करून कामगारांच्या माथी मारण्यात आली. संपाला १९२६ च्या कायद्यानेच बंदी होती. मालक आणि मजूर यांना एकत्र आणणारी म्हणून गाजवलेली २२ महामंडळे १९३४ मध्ये अवतरली, तरी त्यांत शब्द चालला तो मालकांचा आणि पक्षाच्या अधिकाऱ्यांचाच.

खरोखर दखल घ्यावी असे काम रोमच्या दक्षिणेस पोन्तिनो दलदलीत झाले. शतकानुशतके हिवतापाने ग्रासलेला हा टापू कालवे व पंप यांच्या साह्याने कोरडा करण्यात आला. १९३२ मध्ये लित्तोरिया (आजचे लातिना) आणि १९३४ मध्ये साबाउदिया ही नगरे वसली. उत्तरेकडील भूमिहीन कुटुंबांना तेथे शेते मिळाली. दक्षिणेतील बहुतेक योजना मात्र कागदावरच राहिल्या. १९४३ च्या शरद ऋतूत जर्मन सैन्याने पंप बंद पाडून हा प्रदेश पुन्हा पाण्याखाली घातला आणि हिवताप परतला.

लोकसंख्येची लढाई तर उघडच फसली. चार कोटींची लोकसंख्या १९५० पर्यंत सहा कोटींवर नेण्यासाठी अविवाहित पुरुषांवर कर लादला, बहुप्रसवा मातांना बक्षिसे दिली, तरी जन्मदर घसरतच गेला. घराघरांतील निर्णयांवर हुकूम चालत नाही!

पोपशी १९२९ मध्ये झालेला लॅटेरन करार हे टिकाऊ यश ठरले. पण १९३१ मध्ये विद्यापीठांतील प्राध्यापकांकडून राजवटीशी निष्ठेची शपथ घेण्यात आली तेव्हा सुमारे बाराशेंपैकी जेमतेम डझनभरांनी नकार दिला. १९३८ च्या वंशविषयक कायद्यांनी ज्यू शिक्षक व विद्यार्थी सरकारी शाळांबाहेर काढले गेले, त्यावेळीही विरोधाचा आवाज क्षीणच होता.

महामंदीत बुडणाऱ्या बँका आणि त्यांच्या ताब्यातील कारखाने सावरण्यासाठी १९३३ मध्ये ‘इरी’ ही सरकारी संस्था उभी राहिली. तिचे शिल्पकार आल्बेर्तो बेनेदुचे हे मूळचे समाजवादी. फॅसिस्ट तत्त्वज्ञानाशी फारसा संबंध नसलेली ही संस्था राजवटीनंतरही टिकली आणि २००२ पर्यंत चालली.