गाण्याचा बहाणा : एका कायद्यातील व्याख्येविषयी

रस्त्यावर निष्कारण रेंगाळणाऱ्याला गुन्हेगार ठरविण्याची इंग्रजी कायद्याची परंपरा जुनी आहे. इंग्लंडच्या १८२४ च्या भटकेगिरीविरोधी कायद्यात माणसाने काय केले यापेक्षा तो कसा दिसतो यालाच पुष्कळदा महत्त्व होते. ही दृष्टी आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरही टिकली. द्वैभाषिक मुंबई राज्याचा १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा हा तिचा ठळक दस्तऐवज होय. १९६० साली केंद्र सरकारने तो दिल्लीलाही लागू केला.

त्यातील व्याख्या वाङ्मयाच्या अभ्यासकाने मुळातून वाचावी अशी आहे. सार्वजनिक ठिकाणी भिक्षा मागणे वा स्वीकारणे म्हणजे भीक. मग ती गाणे, नाच, भविष्यकथन, खेळ किंवा वस्तू विकायला पुढे करणे अशा बहाण्याने असो वा नसो. शिवाय उपजीविकेचे दृश्य साधन नसताना, भिकेवर जगत असावा असे वाटेल अशा रीतीने हिंडणे किंवा नुसते थांबणे हीही भीकच. हात पसरलाच पाहिजे असे नाही! अशा माणसाला वॉरंटाशिवाय पकडण्याची आणि पहिल्याच खेपेस एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवण्याची तरतूद होती. वारंवार सापडल्यास ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाई.

‘बहाणा’ हा शब्द येथे कळीचा आहे. पहाटे मोरपिसांची टोपी घालून दारी येणारा वासुदेव, तसेच पिंगळा, पोतराज, वाघ्या-मुरळी यांच्या बाबतीत गाणे आणि दान वेगळे काढता येत नाही. दान स्वीकारणे हा त्या विधीचाच भाग असतो. कायद्याने दोहोंची फारकत केली आणि गाण्याला केवळ आवरण ठरविले. पुढे याच राज्याच्या लोकसाहित्य समितीने, सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली, लोकगीतांची संकलने प्रसिद्ध केली. ते काम मोलाचे आहे, याविषयी वाद नाही. परंतु ज्या शासनाने गाणी जपली त्याच शासनाच्या कायद्यात गाणारा संशयित होता, या विसंगतीची आपल्या लोकसाहित्यविचाराने पुरेशी दखल घेतली असे मला वाटत नाही.

८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातील पंचवीस कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली. समानतेच्या आणि जीविताच्या हक्कावर तो निकाल उभा होता. दारिद्र्य हा गुन्हा होऊ शकत नाही, हा त्याचा गाभा. अटकेची व स्थानबद्धतेची कलमे त्यात गेली. गाण्याला बहाणा मानणारी व्याख्या मात्र त्या पंचवीसांत नव्हती.