‘नागपूरला हलवा’

विदर्भातल्या आजारपणात एक वाक्य ठरलेले असते: पेशंटला नागपूरला हलवा. ज्याची मुळे १८६२पर्यंत जातात ते मेयो आणि १९४७चे मेडिकल, या दोन दारांशी गडचिरोली-चंद्रपूरच नव्हे, छिंदवाडा-बालाघाटचेही रुग्ण येतात. भामरागडहून अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की तेही मोजण्यात अर्थ नाही.

रुग्णाऐवजी डॉक्टरचा सल्लाच हलवायचा, ही टेलिमेडिसिनची कल्पना. तिचा इतिहास आपण इस्रोच्या उपग्रहांपासून सांगतो. मला त्याहून बोलका वाटतो तो कायद्याचा भाग. डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेत या उपचारपद्धतीचे नियम नव्हते. जुलै २०१८मध्ये रत्नागिरीतल्या डॉक्टर दाम्पत्याला मुंबई उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला. दोघेही रुग्णालयात नसताना एका बाळंतिणीला दाखल करून फोनवरच्या सूचनांनुसार औषधे दिली गेली, पुढे ती दगावली, असे ते प्रकरण. आदेश जामिनापुरताच, पण फोनवर सल्ला देणे हाच गुन्हा की काय, अशी धास्ती डॉक्टरांत पसरली. माझ्या मते प्रश्न फोनचा नव्हताच. खाटेशी कोण होते, हा होता.

त्याचे उत्तर गडचिरोलीत आधीच शोधले गेले होते, तेही तारेविना. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांचा न्यूमोनिया, जंतुदोष ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवले. नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

२५ मार्च २०२०ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्राची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २००२च्या नियमांना जोडली गेली. रुग्णाजवळच्या आरोग्य कर्मचाऱ्यामार्फत सल्ला घेण्याची पद्धत त्यांत मान्य झाली. आरोग्य केंद्रातून तज्ज्ञाशी बोलण्याची ‘ई-संजीवनी’ नोव्हेंबर २०१९पासून होतीच. १३ एप्रिल २०२०पासून घरबसल्या सल्ल्याची सोयही सुरू झाली. मधुमेहाची गोळी बदलायला नागपूरची एसटी धरणाऱ्याचा रोज यात वाचू शकतो, हे लहान काम नव्हे.

पण त्याच तत्त्वांत तातडीच्या रुग्णाबद्दलही लिहिले आहे: दुरून प्रथमोपचार सांगावेत आणि त्याला लवकरात लवकर प्रत्यक्ष डॉक्टरकडे पाठवावे. म्हणजे अडलेल्या बाळंतिणीसाठी पडद्यावरचा डॉक्टरही हलवाच म्हणणार, पर्लकोटेला पूर असो वा नसो.