दबणाऱ्या नळीने अचूकता कशी कमावली

पाण्याने भरलेली एक मऊ रबरी नळी टेबलावर ठेवा. तिचे एक टोक पाण्याच्या भांड्यात बुडवा, त्या टोकाजवळ नळी बोटाने दाबा आणि बोट न उचलता दुसऱ्या टोकाकडे सरकवत न्या. बोटापुढचे पाणी बाहेर पडेल. बोटामागे नळी पुन्हा फुगेल आणि भांड्यातले नवे पाणी आत ओढून घेईल. म्हशीची धार काढणारा माणूस साधारण हेच करतो. अंगठा व तर्जनीने तो सड वरून बंद करतो आणि मग उरलेली बोटे क्रमाने मिटत दूध खाली ढकलतो. आपले आतडेही अन्न असेच पुढे सरकवते. त्या हालचालीला पेरिस्टाल्सिस म्हणतात. बोटाच्या जागी फिरते रोलर बसवले की जो पंप तयार होतो, त्याला यावरूनच पेरिस्टाल्टिक पंप हे नाव पडले.

या पंपाचा मोठा गुण असा की त्यात द्रव नळीखेरीज कशालाही शिवत नाही. झडप नाही, दट्ट्या नाही, वंगण नाही. दोषही त्याच नळीत आहे. येथे नळी हेच मापाचे भांडे असते आणि ते भांडे रबराचे असते! नळीचा आतला व्यास ३ मिलिमीटर धरू. दहा सेंटिमीटर लांबीत सुमारे ०.७१ मिलिलिटर द्रव मावतो. व्यास नुसता ०.१ मिलिमीटरने वाढला तर हाच आकडा जवळजवळ ७ टक्क्यांनी वाढतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. आणि रबरी नळी तर सारखी बदलत असते. ती ताणली जाते, थकते, थंडीत कडक होते, दाबानंतर पूर्ण फुगायला वेळ घेते. असे साधन रक्तातली साखर मोजण्याच्या कामी कसे आले, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवातीला अचूकतेची कोणी पर्वा केली नव्हती. अमेरिकेत रूफस पोर्टर आणि जे. डी. ब्रॅडली यांनी १८५५ साली अशा पंपाचे पेटंट घेतले, ते विहिरीतून पाणी उपसण्यासाठी. यूजीन ॲलनने १८८१ मध्ये घेतलेले पेटंट रक्त देण्याच्या साधनाचे होते. पुढे १९३० नंतरच्या काळात न्यू ऑर्लिन्सच्या तुलेन विद्यापीठात वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या मायकेल डीबेकी यांनी हा पंप रक्त देण्यासाठी सुधारून घेतला. शिकागोच्या कुक काउंटी इस्पितळातली रक्तपेढी निघाली १९३७ साली. त्याआधी दात्याचे रक्त लगोलग रुग्णाला देण्याची पद्धत सर्रास होती. रक्त वाटेत गोठू नये, अखंड वाहावे, एवढीच तेव्हा पंपाकडून अपेक्षा होती. रोलर फिरताना नळीलाच आपल्याबरोबर ओढून नेतो, हा त्या काळचा खरा त्रास होता. त्यामुळे नळी जागच्या जागी धरून ठेवणे हीच या पंपाची पहिली महत्त्वाची सुधारणा म्हणावी लागेल.

फिलाडेल्फियात ६ मे १९५३ रोजी जॉन गिबन यांनी एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातले छिद्र शिवले. त्या वेळी २६ मिनिटे तिच्या हृदयाचे व फुप्फुसांचे काम यंत्राने केले आणि त्यातले रक्त रोलर पंपांनी फिरवले. येथे प्रश्न वेगळाच होता. रोलर फार घट्ट बसवला तर तांबड्या पेशी चिरडून फुटतात. सैल ठेवला तर रक्त मागे गळते. यावर पुढे रुळलेला उपाय मोठा साधा आहे. पंपाच्या बाहेर जाणाऱ्या नळीत सुमारे एक मीटर उंचीचा द्रवस्तंभ उभा करायचा, रोलर थांबवायचा आणि स्तंभ मिनिटाला साधारण एक सेंटिमीटर खाली येईल इतपतच दाब ठेवायचा. म्हणजे थोडी गळती मुद्दाम राखायची. मिनिटाला काही लिटर रक्त वाहत असताना एवढ्या गळतीने काही बिघडत नाही.

मिलिलिटरच्या अंशांचा हिशेब ठेवायचा तर मात्र ही सवलत नाही. तो हिशेब क्लीव्हलँडच्या माजी सैनिकांच्या इस्पितळात काम करणाऱ्या लेनर्ड स्केग्ज या जीवरसायनशास्त्रज्ञाने जमवला. रक्तदाबाशी संबंधित एका महत्त्वाच्या एन्झाइमच्या शोधातही याच माणसाचा वाटा आहे. त्या काळी प्रयोगशाळेत प्रत्येक नमुना पिपेटने तोंडाने ओढून मोजत, अभिकारक मिसळत, गाळत, तापवत आणि मग रंग पाहत. नमुने वाढत चालले होते, हात तेवढेच होते. स्केग्ज यांच्या पद्धतीचा निबंध १९५७ साली प्रसिद्ध झाला आणि टेक्निकॉन कंपनीने त्याच वर्षी ऑटोॲनलायझर या नावाने यंत्र बाजारात आणले.

या यंत्राचे हृदय म्हणजे एक पेरिस्टाल्टिक पंप. दोन साखळ्यांमध्ये आडवे रोलर बसवलेले आणि त्यांच्याखाली शेजारी शेजारी ताणून ठेवलेल्या अनेक नळ्या. एकीतून रक्ताचा नमुना, दुसरीतून अभिकारक, आणखी एकीतून चक्क हवा! कोणता द्रव किती घ्यायचा हे नळीच्या आतल्या व्यासावर ठरे. आमच्या मते स्केग्ज यांची खरी चतुराई येथेच आहे. प्रत्येक नळी नेमके किती देते याच्या मागे ते लागलेच नाहीत. वीजदाब घसरून मोटर मंदावली तर सगळ्या नळ्या एकदम मंदावतात आणि नमुना व अभिकारक यांचे गुणोत्तर तेच राहते. शिक्षकांना हे समजावायला दुकानदाराचा तराजू पुरेल. दोन्ही पारड्यांत गुरुत्वाकर्षण सारखेच असते, म्हणून ते किती आहे हे दुकानदाराला ठाऊक नसले तरी चालते.

हवेचे बुडबुडे प्रवाहाचे तुकडे पाडत. त्यामुळे पुढच्या नमुन्यात मागचा फारसा मिसळत नसे. साखरेच्या चाचणीत पिवळे पोटॅशियम फेरिसायनाइड वापरत. साखर जितकी जास्त, तितका पिवळा रंग फिका. तो फिकेपणा कलरीमीटर मोजे आणि लेखणी कागदावर आलेख काढत जाई. नळ्या हळूहळू थकत होत्याच. त्यावर उपाय म्हणून रुग्णांच्या नमुन्यांबरोबर, त्याच नळ्यांतून, साखरेचे ठाऊक प्रमाण असलेली द्रावणे सोडत. नळीने दगा दिला तर तो दोघांनाही सारखाच. आलेखातल्या दोन उंचींची तुलना केली की उत्तर मिळे.

एक जागा मात्र या युक्तीच्या नजरेतून सुटते. प्रमाण द्रावण पाण्यासारखे पातळ आणि रक्तद्रव त्याहून दाट. दोघांना नळी सारखी वागवेलच असे नाही. म्हणून ठाऊक मूल्यांचा रक्तद्रवही अधूनमधून तपासण्याची शिस्त प्रयोगशाळांनी लावून घेतली. ती शिस्त सुटली तर यंत्र सुबक आलेख काढत राहते आणि आकडा चुकलेला असतो. त्या आकड्यावर कोणाचे तरी इन्सुलिन ठरणार असते.

आज तळहातावर मावणारे पंप मत्स्यपेट्यांत, मातीविना शेतीच्या पोषकद्रावणांत आणि शाळेच्या प्रकल्पांतही दिसतात. त्यांना स्टेपर मोटर लावली की अचूकता आपोआप येते, अशी एक समजूत आहे. ती मोटर एका फेरीचे सहसा २०० समान टप्पे करते, पण त्यामुळे नेमके कळते ते फिरणे. द्रव किती आला हे शेवटी नळीच ठरवते. शिवाय प्रवाह धक्क्याधक्क्याने येतो. दोन रोलरांमध्ये अडकलेला द्रव हा एक घोट. अडीच घोटांची मात्रा मागितली तर ती रोलर कोठे उभा होता यावर बदलेल. पूर्ण घोटच मोजावेत, निदान सुरुवात नेहमी एकाच कोनातून करावी. चार रोलर असतील तर एका घोटाला बरोबर ५० टप्पे येतात. तीन असतील तर २०० ला तीनाने भाग जात नाही आणि हिशेब पूर्ण फेऱ्यांचाच ठेवावा लागतो. दोन पोषकद्रावणे ठरलेल्या गुणोत्तराने हवी असतील तर दोन वेगळे पंप घेण्याऐवजी एकाच रोलराखाली दोन नळ्या बसवाव्यात, स्केग्ज यांच्याप्रमाणे.

वर्गात करून पाहायचे असेल तर नवी नळी आधी काही तास नुसती चालू द्या, कारण ती सुरुवातीलाच सर्वांत वेगाने बदलते. मग १०० फेऱ्यांचे पाणी तराजूवर तोला (१ ग्रॅम म्हणजे जवळपास १ मिलिलिटर). असे दहा वेळा करून आकड्यांतला फरक मांडा. त्यानंतर पाण्याची बाटली पंपापेक्षा अर्धा मीटर खाली ठेवून तेच पुन्हा करा, आणि महिन्याभराने त्याच नळीवर आणखी एकदा.