जगद्व्यापी साथ आणि नियोजित शस्त्रक्रिया

अपघात, रक्तस्राव, आतड्यातील अवरोध यांसारखे तातडीचे कारण नसताना आगाऊ दिवस ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेस ‘नियोजित शस्त्रक्रिया’ म्हणतात. मोतीबिंदू काढणे, अंतर्गळ (हर्निया) दुरुस्त करणे, झिजलेल्या खुब्याच्या वा गुडघ्याच्या जागी कृत्रिम सांधा बसविणे, दुभंगलेला ओठ व टाळू सांधणे ही तिची नेहमीची उदाहरणे होत. कर्करोगाच्या बहुतेक शस्त्रक्रियाही याच वर्गात मोडतात. ‘ऐच्छिक शस्त्रक्रिया’ हे तिचे दुसरे नाव दिशाभूल करणारे आहे. इच्छेला वाव असतो तो दिवस ठरविण्यापुरता. शस्त्रक्रियेची गरज काही ऐच्छिक नसते. २०२० मध्ये कोव्हिड-१९ ची जगद्व्यापी साथ आली, तेव्हा सरकारी रुग्णालयांनी सर्वप्रथम थांबविल्या त्या याच शस्त्रक्रिया.

यामागील कारणे केवळ खाटांच्या तुटवड्याची नव्हती. शस्त्रक्रियागृहातील भूल देण्याचे यंत्र वेळप्रसंगी कृत्रिम श्वसनयंत्र म्हणून वापरता येते, आणि भूल देणाऱ्या तज्ञाला श्वासनलिकेत नळी घालण्याचा रोजचा सराव असतो. त्यामुळे अतिदक्षता विभाग वाढविताना यंत्रे, जागा, परिचारिका व तज्ञ ही सर्व शस्त्रक्रियागृहांतूनच घेतली गेली. रक्तदान शिबिरे बंद पडल्याने रक्ताचा साठाही आटला. शिवाय खुद्द रुग्णालाच धोका होता. २४ देशांतील २३५ रुग्णालयांतून गोळा केलेल्या व मे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, शस्त्रक्रियेच्या सुमारास संसर्ग झालेल्या १,१२८ रुग्णांपैकी २३.८ टक्के रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावल्याचे आढळले. यांत तातडीच्या शस्त्रक्रियांचा भाग मोठा होता, तरी हा आकडा शस्त्रक्रियाविशारदांचा हात थांबविण्यास पुरेसा होता. पुढे, २०२१ मध्ये, संसर्गानंतर शक्यतो सात आठवडे थांबून शस्त्रक्रिया करावी असा निष्कर्ष त्याच संशोधकगटाने १ लाख ४० हजारांवर रुग्णांच्या पाहणीवरून काढला.

या गटाच्या अंदाजाप्रमाणे पहिल्या लाटेच्या भराच्या बारा आठवड्यांत जगभर सुमारे २ कोटी ८४ लाख शस्त्रक्रिया रद्द झाल्या वा पुढे ढकलल्या गेल्या. भारतातील संख्या ५ लाख ८० हजारांहून अधिक होती. मात्र ही प्रत्यक्ष मोजणी नसून गणिती अनुमान आहे. प्रत्यक्ष मोजणी पाहावयाची, तर इंग्लंडकडे वळावे लागते. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा (एनएचएस) तज्ञांकडून उपचार मिळण्याची वाट पाहणाऱ्यांची यादी दरमहा प्रसिद्ध करते.

तेथे १७ मार्च २०२० रोजी सर्व रुग्णालयांना पत्र गेले : तातडीच्या नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया उशिरात उशिरा १५ एप्रिलपासून किमान तीन महिने थांबवाव्यात. तीस हजार खाटा मोकळ्या करणे हे उद्दिष्ट होते. शस्त्रक्रियाविशारदांच्या संस्थांनी रुग्णांची प्रतवारी केली. तातडीच्या रुग्णांसाठी २४ व ७२ तासांच्या मर्यादा होत्या. त्याखाली चार आठवडे व तीन महिने थांबू शकणारे रुग्ण. आणि शेवटच्या, चौथ्या प्रतीत तीन महिन्यांहून अधिक थांबू शकणारे. खुबा, गुडघा व मोतीबिंदू यांचे बहुतेक रुग्ण या शेवटच्या प्रतीत गेले. ‘थांबू शकतो’ याचा अर्थ येथे एवढाच, की जीव जाणार नाही. चालता येईल किंवा रात्री झोप लागेल असा नव्हे.

यादीचे वर्तन प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. फेब्रुवारी २०२० मध्ये तीत सुमारे ४४ लाख नोंदी होत्या. मेमध्ये त्या ३८ लाखांवर उतरल्या. रुग्ण बरे झाले नव्हते. लोक आपल्या डॉक्टरकडे जाईनासे झाले आणि डॉक्टरही त्यांना रुग्णालयाकडे धाडीनात, म्हणून यादीत नवी भर पडत नव्हती. साथीचा खरा ठसा दीर्घ प्रतीक्षेत दिसतो : वर्षाहून अधिक काळ ताटकळणाऱ्यांची संख्या फेब्रुवारी २०२० मध्ये सुमारे १,६०० होती, ती मार्च २०२१ मध्ये ४ लाख ३६ हजारांवर गेली. ऑक्टोबर २०२० पर्यंत आदल्या वर्षाच्या ९० टक्के काम सुरू करण्याचे लक्ष्य ठरले होते. पण हिवाळ्यातील दुसऱ्या लाटेने घडी पुन्हा विस्कटली. सप्टेंबर २०२३ मध्ये यादी ७७ लाखांवर पोहोचली. हा सर्व दोष साथीच्या माथी मारणे मात्र योग्य नाही. ९२ टक्के रुग्णांना अठरा आठवड्यांत उपचार देण्याचे प्रमाण २०१६ पासूनच पाळले जात नव्हते. साथीनंतरच्या डॉक्टरांच्या संपांनीही भर घातली.

भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २० मार्च २०२० रोजी नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची सूचना काढली. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने दुसऱ्याच दिवसापासून त्या थांबविल्या. मुंबईत महानगरपालिकेचे नायर रुग्णालय एप्रिलमध्ये कोव्हिडच्या रुग्णांसाठी राखून ठेवण्यात आले. शस्त्रक्रियागृहे काही प्रमाणात पुन्हा उघडल्यावरही उपनगरांतील रुग्णाची अडचण संपली नाही. मार्च २०२० मध्ये बंद झालेली लोकल गाडी सर्वसामान्य प्रवाशांसाठी १ फेब्रुवारी २०२१ रोजी, तीही ठराविक वेळांतच, खुली झाली. पालघर वा कर्जतकडून परळला येणाऱ्या गरीब रुग्णाला या गाडीखेरीज परवडणारे दुसरे साधन नाही.

येथे राष्ट्रीय पातळीवर प्रतीक्षायादीच नाही. मोजता येते ती मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, कारण १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात तिची नोंद ठेवली जाते. २०१९-२० मध्ये देशात अशा सुमारे ६४ लाख शस्त्रक्रिया झाल्या. २०२०-२१ मध्ये सुमारे ३६ लाख. पुढे विशेष मोहीम हाती घेण्यात आली आणि २०२२-२३ मध्ये संख्या ८३ लाखांवर गेली. मोतीबिंदू पिकला, तरी तो नंतर काढता येतो व दृष्टी बहुधा परत येते. मोहिमेने तूट भरून निघाली ती या गुणामुळे.

इतर विकारांत तसे नसते. थोपवून धरलेल्या अंतर्गळात आतडे अडकून पिळले गेले, की तोच रुग्ण तातडीच्या शस्त्रक्रियेसाठी येतो आणि रुग्णालयाच्या वहीत त्याची नोंद नवा रुग्ण म्हणून होते. गर्भाशय खाली सरकलेली स्त्री तर पुष्कळदा परत येतच नाही. दुभंगलेली टाळू साधारणपणे मूल बोलू लागण्यापूर्वी, पहिल्या दीड वर्षाच्या आत, सांधावी लागते. २०२० च्या उन्हाळ्यात त्या वयाला आलेल्या ज्या मुलांची शस्त्रक्रिया लांबली, त्यांची टाळू पुढे सांधली गेली, तरी नाकातून उच्चार करण्याची सवय सोडविण्यासाठी त्यांना वाक्‌उपचारतज्ञाकडे बराच काळ जावे लागते. असे तज्ञ जिल्हा रुग्णालयांत फारच थोडे आहेत.