सुरत ते लंडन : अंतर आणि अवधी

सुरतच्या विमानतळावरून लंडनपर्यंत आकाशमार्गे सरळ रेषा ओढली, तर ती सुमारे 7,000 किलोमीटर भरते. मुंबईहून निघालेले विमान आज दहाएक तासांत लंडनला उतरते. शिडाच्या जहाजांना मात्र आफ्रिकेला वळसा घालून जवळजवळ 20,000 किलोमीटर जावे लागे, आणि तेही मोसमी वाऱ्यांच्या मर्जीने. सर टॉमस रो हा इंग्लंडचा वकील 1615 च्या आरंभी निघाला, तो सप्टेंबरात सुरतेजवळच्या सुवाळी बंदरात पोहोचला. हा प्रवास जलदच म्हणावयाचा. त्यापूर्वी 1607-08 मध्ये कप्तान हॉकिन्सला वर्षाहून अधिक काळ लागला होता.

हे आकडे केवळ कुतूहलाचे असते, तर आज येथे त्यांचे प्रयोजन नव्हते. परंतु मराठ्यांच्या एका दीर्घ युद्धात या अवधीचा हात आहे, आणि त्या युद्धाचे बीज याच शहरात पडले.

नारायणरावांच्या खुनानंतर (1773) बारभाईंनी दूर सारलेले रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास आले. 6 मार्च 1775 रोजी सुरतेस तह झाला: मुंबईकर इंग्रजांनी फौज द्यावी, दादासाहेबांनी साष्टी व वसई द्यावी. 18 मे रोजी गुजराथेत आडास येथे लढाईही झाली. तिकडे कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलने हा तह अमान्य केला, कर्नल अप्टन यास धाडले, आणि 1 मार्च 1776 रोजी पुरंदरचा तह केला. सुरतेचा तह मेला, असे पुण्याच्या मुत्सद्द्यांनी समजावयास हरकत नव्हती.

ऑगस्ट 1776 मध्ये लंडनच्या संचालकांचा खलिता मुंबईस आला. सुरतेचा तह त्यांना मान्य होता. हाती आलेला मुलूख सोडू नये, अशी आज्ञा होती!

मेलेला तह सतरा महिन्यांनी असा उठून बसला. मुंबईकरांना हवे होते तेच निमित्त मिळाले. पुढे वडगाव (जानेवारी 1779), आणि सालबाईचा तह (17 मे 1782) होईपर्यंत रक्तपात.

या युद्धाचे मूळ कलकत्ता आणि मुंबई यांच्या चुरशीत शोधतात, ते योग्यच आहे. साष्टी-वसईचा लोभही खरा. पत्र दोन दिवसांत पोहोचते, तरी तो सुटला नसता. तथापि एकाच कंपनीचे दोन परस्परविरुद्ध हुकूम एकाच वेळी जिवंत राहिले ते या अंतरामुळे, असे माझे मत आहे. यांतला कोणता शब्द प्रमाण मानावा, हे नाना फडणीसांनी पुण्यात बसून कसे ठरवावे?

दादासाहेबांनी अखेर स्वतःचे वकील विलायतेस पाठविले. 1781 मध्ये हणमंतराव हे ब्राह्मण गृहस्थ पारशी सहकाऱ्यांसह तेथे होते. त्यांच्या सोवळ्याच्या स्वयंपाकाची अडचण ओळखून एडमंड बर्क यांनी बीकन्सफील्ड येथील आपल्या बागेतले काचघर त्यांना मोकळे करून दिले. पाहुणचार झाला, काम झाले नाही. सालबाईच्या तहाने इंग्रजांनी दादासाहेबांचा पक्ष सोडला, आणि डिसेंबर 1783 मध्ये कोपरगावी त्यांचा अंत झाला.