वर्गापुढं उभं कोण राहतं?

आपलं लेकरू वर्गापुढं उभं राहून शिकलेलं सांगून आलं, की घरी त्याचे पाय जमिनीवर नसतात. असं उभं राहायला कुणाला मिळालं, त्याची जुनी हकिकत आज सांगते.

पूर्वी पंतोजींची शाळा असे. धुळीच्या पाटीवर अक्षरं गिरवायची, मोठ्यानं पाढे म्हणायचे. एक मुलगा पाढा सांगे, बाकीचे त्याच्यामागून म्हणत. लहानांना अक्षरं शिकवायलाही थोरली मुलं हात लावत. म्हणजे पोरांनी पोरांना सांगणं आपल्याकडं नवं नाही. पण पुढं उभा राही तो मुलगाच. मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या लेकरांना त्या शाळेत जागा नव्हती.

१८४८ साली ज्योतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. पुढं महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. या शाळांच्या परीक्षा जाहीर होत. लोक जमत आणि त्यांच्यासमोर मुली वाचून दाखवत, प्रश्नांची उत्तरं देत. ज्यांनी घरात मोठ्यानं बोलायचं नाही, त्यांचा आवाज चारचौघांत ऐकू आला.

फुल्यांच्या शाळेत मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी शिकत होती. चौदा वर्षांची असताना तिनं निबंध लिहिला. १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’ पत्रात दोन भागांत छापून आला. त्यात पाठ केलेला धडा नव्हता. मांग-महारांवर झालेला जुलूम होता, डोक्यावर छप्पर नसताना थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायांचं दुःख होतं. आपल्या लोकांनो, शिका, असं कळकळीचं सांगणं होतं. शिकलेली अक्षरं तिनं आपल्या माणसांचं जगणं सांगायला वापरली. म्हणून आजही तिचं नाव निघतं.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीतरी जणी शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. कायद्यानं तिथं निम्म्या बाया असतात. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: वर्गापुढं बोलायला सगळ्यांचा नंबर लागतो, की दरवेळी तीच दोन हुशार लेकरं उठतात? मागच्या बाकावरची मुलगी कधी उठते? ऊसतोडीवरून परत आलेलं पोर कधी बोलतं? त्यानं फडावर पाहिलेलं सांगितलं, तरी ते शिकलेलंच आहे. ते सांगायला त्याला पाच मिनिटं मिळाली पाहिजेत.